उत्तरेची खोली आणि समोरची गेरूरंगी भिंत : शीत आणि उष्ण रंगांच्या निवडीचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातील कोथरूड भागातल्या एका सदनिकेचे आहे. इमारत चार मजली आणि जुनी असून सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. ज्या खोलीच्या रंगावरून प्रश्न निर्माण झाला, ती दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच आहे. तिला एकच खिडकी असून ती उत्तरेकडे उघडते. भिंतींवर बऱ्याच वर्षांपूर्वीचा पिस्ता रंगाचा डिस्टेंपर होता, खाली करड्या ठिपक्यांच्या मोझाइक फरशा आणि दाराला गडद सागवानी पॉलिश. खोली घरातल्या आजींची. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. सल्लामसलत सुरू झाली तेव्हा त्यांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती आणि दुसऱ्याची व्हायची होती. ही बाब मुद्दाम आधी सांगतो, कारण रंगाच्या निर्णयात पुढे तिला मोठे महत्त्व आले.

दिवाळीपूर्वी खोली रंगवून घ्यायची, एवढे घरात ठरले होते. रंग कोणता, यावर मात्र तीन मते होती. सूनबाईंना निळसर राखाडी रंग हवा होता, कारण वरच्या मजल्यावरची ही खोली एप्रिल-मे महिन्यांत इतकी तापते की दुपारी तिथे बसवत नाही, आणि शीत रंगामुळे डोळ्यांना व मनाला थंडावा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. आजींना सायीचा रंग हवा होता. पावसाळ्यात खोली उदास वाटते आणि वाचताना प्रसन्न वाटत नाही, ही त्यांची तक्रार. मुलाने सर्वत्र सांगितला जाणारा नियम पुढे केला, की उत्तरेच्या खोलीत निळसर प्रकाश येतो, म्हणून तिला उष्ण रंगच द्यावा. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, परंतु तिघेही शेडकार्डावरच्या चौकोनाबद्दल बोलत होते आणि त्या खोलीत प्रत्यक्ष कोणता प्रकाश येतो हे कोणीच पाहिलेले नव्हते. सल्ला देण्यासाठी मला बोलावले तो जुलै महिना होता. भर पावसात भिंती ओल धरतात, त्यामुळे रंगकाम ऑक्टोबरपर्यंत थांबणारच होते, आणि या थांबण्याचा उपयोग दोन वेगळ्या ऋतूंत खोली पाहण्यासाठी करता आला.

नियम कुठला आणि खोली कुठली

पिवळा, नारिंगी, तांबडा हे उष्ण रंग आणि निळा, हिरवा, जांभळ्याकडे झुकणारा निळा हे शीत रंग, ही विभागणी शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून आपल्याला ठाऊक असते. घराच्या भिंतीवर मात्र शुद्ध तांबडा किंवा शुद्ध निळा क्वचितच लागतो. तिथे लागतात ते पांढऱ्यात थोडा पिवळा, थोडा तांबडा, थोडा काळा मिसळून केलेले फिकट रंग. अशा फिकट रंगाची उष्णता किंवा शीतता त्याच्या झाकेत असते, आणि ही झाक प्रकाशाबरोबर सहज पालटते. प्रकाश किती पिवळसर किंवा निळसर आहे, हे केल्विन या एककात सांगतात. निरभ्र आकाशाच्या निळ्या भागातून येणारा प्रकाश १०,००० केल्विन किंवा त्याहूनही अधिक असू शकतो, ढगाळ आकाशाचा सुमारे ६,५०० ते ७,०००, भर दुपारच्या थेट उन्हाचा साधारण ५,५००, आणि जुन्या पिवळ्या दिव्याचा सुमारे २,७००. हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. उत्तरेच्या खिडकीला थेट ऊन मिळत नाही, फक्त आकाश मिळते, म्हणून तिथला प्रकाश निळसर असतो आणि त्याला उष्ण रंगाने तोलावे, असे या नियमामागचे तर्कशास्त्र आहे.

हा नियम सगळीकडे सारखाच लागू पडत नाही. उदाहरणार्थ, लंडन ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो आणि हा नियम बहुतेक काळ खरा ठरतो. पुणे १८.५ अंशांवर आहे. इथे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, आणि जूनमध्ये हा कल सुमारे २५ अंशांपर्यंत जातो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर सूर्य दिवसभर उत्तरेकडेच असतो, अगदी माध्यान्हीसुद्धा. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपे ऊन आत येते. दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे छज्जा तेवढा त्याला अडवतो. उत्तरेची खोली म्हणजे ऊन न लागणारी खोली, हे महाराष्ट्रात वर्षातील निम्म्या काळापुरतेच खरे आहे, आणि रंगाचा सल्ला देणाऱ्याने हे लक्षात घेतलेच पाहिजे असे मला आग्रहाने वाटते.

या खोलीत गोष्ट याहूनही पुढची होती. खिडकीसमोर रस्त्यापलीकडे तेवढ्याच उंचीची दुसरी इमारत आहे आणि तिची खिडकीकडे तोंड केलेली भिंत गेरूच्या रंगाची, म्हणजे तांबूस नारिंगी आहे. आजींच्या खिडकीतून आकाशाची एक पट्टी दिसते आणि उरलेला सारा भाग त्या भिंतीने व्यापलेला. आपली खिडकी उत्तरेला, म्हणजे समोरची ती भिंत दक्षिणमुखी. डिसेंबरमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे हिवाळ्यात त्या भिंतीवर दिवसभर भरपूर ऊन पडते आणि तिच्यावरून परावर्तित झालेला नारिंगी प्रकाश या ‘थंड’ म्हणवणाऱ्या खोलीत शिरतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत त्याच भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मग खोलीत उरतो तो बहुतांशी आकाशाचा प्रकाश, आणि पावसाळ्यात तोही राखाडी. एकाच खोलीचा प्रकाश हिवाळ्यात उष्ण आणि पावसाळ्यात शीत. आजींची तक्रार पावसाळ्याबद्दलच का होती, याचा उलगडा इथे झाला.

आणखी एक बारकावा प्रत्यक्ष उभे राहून पाहिल्यावरच कळतो. आकाशाचा प्रकाश वरून तिरपा येतो आणि मुख्यतः खिडकीजवळच्या जमिनीवर पडतो, तर समोरच्या भिंतीवरून येणारा प्रकाश जवळजवळ आडवा येतो आणि खोलीच्या आतल्या बाजूच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पलंग ज्या भिंतीला लावलेला आहे ती खिडकीसमोरची भिंत समोरच्या इमारतीचा रंग सर्वांत जास्त घेते.

थंडाव्याचा प्रश्न

सूनबाईंचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नव्हता, कारण खोली खरोखरच तापत होती. पण तापत होती ती वरच्या स्लॅबमुळे. काळपट पडलेली गच्ची दिवसभर ऊन शोषते आणि ती उष्णता संध्याकाळी व रात्री खाली सोडते. आतल्या भिंतीला निळा रंग दिला काय किंवा पिवळा दिला काय, तापमापकातला आकडा हलत नाही. घरात वापरले जाणारे जवळपास सगळे रंग, त्यांची छटा कोणतीही असो, उष्णतेचे विकिरण सारख्याच प्रमाणात करतात. रंगाने जाणीव थोडी बदलू शकते, म्हणजे निळसर खोलीत काही जणांना किंचित थंड वाटते. परंतु हा परिणाम लहान आहे, माणसागणिक वेगळा आहे, आणि मे महिन्यातल्या तापलेल्या स्लॅबखाली त्याच्या भरवशावर राहता येत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाची गोष्ट वेगळी. तिथे ऊन थेट पडते, त्यामुळे पांढरा रंग आणि काळपट रंग यांत शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचा फरक मोठा असतो. म्हणून थंडाव्याचा उपाय गच्चीवर पांढऱ्या परावर्तक रंगाचे लेपन हा आहे, आणि गच्ची सामाईक असल्यामुळे तो सोसायटीच्या परवानगीने करायचा आहे, असे मी लेखी दिले. या एका खुलाशाने रंगाच्या निवडीवरचे एक चुकीचे ओझे उतरले. सूनबाईंनी हे मोकळेपणाने मान्य केले आणि परवानगीचा अर्जही त्यांनीच केला. निळसर राखाडी रंग त्यांना तरीही आवडत होता, आणि आवड हे कारण पुरेसे आहे. फक्त त्याला उष्णतेचा आधार द्यायला नको.

आजींचे दोन डोळे

वयोमानानुसार डोळ्याचे नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा बराच भाग अडवू लागते. मोतीबिंदूत हे अधिक वाढते. बदल इतका सावकाश होतो की माणसाला तो जाणवत नाही आणि मेंदू त्याला जुळवून घेतो. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की निळा रंग एकाएकी उजळतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, त्यानंतर रंग फार निळे दिसतात अशी त्यांची तक्रार होती आणि त्यासाठी रंगीत काचांचे चष्मेही त्यांनी वापरून पाहिले.

आजींच्या बाबतीत शस्त्रक्रिया झालेला आणि न झालेला असे दोन्ही डोळे एकाच वेळी उपलब्ध होते. एकेक डोळा झाकून रंगाचे नमुने पाहण्याची विनंती केली तेव्हा फरक त्यांनी स्वतःच फार नेमका सांगितला. निळसर राखाडी नमुना शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने स्पष्ट निळा आणि दुसऱ्या डोळ्याने मळकट राखाडी दिसत होता. सायीचा रंग एका डोळ्याला जवळजवळ पांढरा आणि दुसऱ्याला चांगलाच पिवळा. करड्या झाकेचा फिकट वाळूचा रंग दोन्ही डोळ्यांना सर्वांत जवळचा दिसत होता. याचा व्यावहारिक अर्थ असा, की निळसर राखाडी रंग आज निवडला असता तर दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर आजींना तो निवडलेल्या रंगाहून अधिक निळा दिसला असता. ज्या घरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली आहे, तिथे ज्येष्ठांच्या खोलीचा रंग शक्यतो शस्त्रक्रियेनंतर ठरवावा. ते शक्य नसेल तर रंगाची तीव्रता कमी ठेवावी, हे मी तेव्हापासून आवर्जून सांगतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ज्येष्ठांना भिंत, दार, दिव्याचे बटण यांच्या कडा ठळक दिसायला हव्यात. भिंतीचा रंग किती प्रकाश परावर्तित करतो, याचा ० ते १०० या मापात दिलेला आकडा अनेक कंपन्या शेडकार्डावर किंवा माहितीपत्रकात छापतात. भिंत आणि चौकट यांच्या आकड्यांत निदान ३० चा फरक असावा, असा संकेत वास्तुरचनेत रूढ आहे. या खोलीत दार आधीच गडद असल्यामुळे कोणताही फिकट रंग चालणार होता. मध्यम गडद राखाडी मात्र चालला नसता.

नमुने कसे पाहिले

शेडकार्डावरचा दोन इंचांचा चौकोन पाहून रंग ठरवू नये, याचे कारण नुसते आकाराचे नाही. खोलीत एका भिंतीवरून निघालेला प्रकाश दुसऱ्या भिंतीवर आपटतो, तिथून तिसरीवर, आणि प्रत्येक आपटीला रंगाची झाक वाढत जाते. समजा, एखादा पिवळसर रंग पडलेल्या प्रकाशातील तांबड्याचा ८० टक्के आणि निळ्याचा ५५ टक्के भाग परत पाठवतो. दोनदा परावर्तन झाल्यावर तांबडा ६४ टक्के उरतो आणि निळा सुमारे ३० टक्के, म्हणजे निळ्याचे तांबड्याशी प्रमाण सत्तरीजवळून थेट निम्म्याच्या खाली येते. कार्डावर जो रंग ‘अगदी फिकट’ वाटतो, तो चार भिंतींवर गडद आणि भडक का वाटतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. उष्ण रंग घ्यायचा असेल तर मनात आहे त्याहून निदान एक पायरी फिकट आणि करडा घ्यावा, असे रंगारीही अनुभवाने सांगतात.

म्हणून दोन फूट बाय तीन फुटांच्या प्लायवूडच्या पाट्यांवर प्रायमर लावून प्रत्येक रंगाचे दोन हात दिले. रंग चार घेतले : निळसर राखाडी, समुद्री हिरव्या झाकेचा पांढरा, सायीचा पिवळसर, आणि पांढऱ्यात पिवळी माती, किंचित तांबडी माती व काळ्याचा थेंब घालून तयार होणारा फिकट वाळूचा रंग. जुन्या पिस्ता भिंतीला टेकवून पाट्या पाहिल्या असत्या तर फसगत झाली असती. हिरव्या पार्श्वभूमीवर शेजारचा तटस्थ रंगही गुलाबीकडे झुकलेला दिसतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये मांडलेला हा शेजारच्या रंगांचा नियम भिंतीच्या बाबतीत रोज अनुभवास येतो. आम्ही पाट्यांच्या मागे पांढऱ्या चादरी लावल्या आणि पाट्या एकदा खिडकीशेजारी, एकदा पलंगाच्या भिंतीपाशी, अशा जागा बदलून ठेवल्या. घरच्यांनी त्या सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री पाहिल्या. जुलैच्या ढगाळ दिवसांत एकदा आणि ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात पुन्हा.

जुलैत निळसर राखाडी पाटी खिडकीजवळ सुरेख दिसली, पण पलंगाच्या भिंतीपाशी ती ओल्या सिमेंटसारखी झाली. समुद्री हिरवा दुपारी प्रसन्न होता; रात्री मात्र तो दवाखान्याच्या भिंतीसारखा वाटतो असे आजी म्हणाल्या आणि तो लगेच बाद झाला. सायीचा रंग पावसाळी उजेडात सर्वांना आवडला. त्या दिवशीच निर्णय घेतला असता तर तोच लागला असता. ऑक्टोबरमध्ये समोरची भिंत उन्हाने उजळली तेव्हा तीच सायीची पाटी पलंगाच्या बाजूला आंब्याच्या मिल्कशेकच्या रंगाची दिसू लागली, आणि निळसर राखाडी पाटी त्याच जागी, नारिंगी प्रकाशामुळे निळेपणा मरून, बऱ्यापैकी तटस्थ राखाडी झाली. शीत रंगाची बाजू इथे खरी बळकट झाली हे नमूद करायला हवे : फक्त हिवाळ्याचाच विचार करायचा असता तर सूनबाईंची निवड योग्य ठरली असती. वाळूचा रंग दोन्ही ऋतूंत पहिल्या क्रमांकाचा नव्हता, पण कोणत्याही वेळी तो बिघडलाही नाही.

रात्रीचा निकाल दिव्यावर अवलंबून होता. खोलीत ६,५०० केल्विनची एलईडी ट्यूबलाइट होती, जी आपल्याकडे सर्वत्र सर्रास लावली जाते. तिच्या प्रकाशात सायीचा रंग लिंबाकडे झुकून किंचित हिरवट दिसे आणि निळसर राखाडी अधिकच गार पडे. त्याऐवजी ४,००० केल्विनची ट्यूब लावल्यावर चारही पाट्यांत सुधारणा झाली. रंगावर हजारो रुपये खर्च करणाऱ्या घरांत दिव्याकडे होणारे दुर्लक्ष मला नेहमी खटकते. ट्यूब बदलण्याचा खर्च रंगकामाच्या तुलनेत नगण्य असतो आणि रात्रीच्या वेळी तिचा परिणाम रंगाइतकाच असतो.

निर्णय आणि काम

खोली कोण वापरते आणि कधी वापरते, या प्रश्नावर निर्णय टेकला. आजी सकाळी खिडकीशी वाचतात, दुपारी झोपतात, रात्री पुन्हा थोडे वाचतात, आणि पावसाळ्यात बाहेर पडणे बंद झाल्यामुळे दिवसभर याच खोलीत असतात. म्हणजे खोलीचा सर्वाधिक वापर नेमका तिच्या शीत, राखाडी प्रकाशाच्या महिन्यांत होतो. म्हणून रंग उष्ण बाजूचा, पण कमी तीव्रतेचा, म्हणजे वाळूचा ठरला. त्याचा परावर्तनाचा आकडा सत्तरीच्या आसपास होता. मिश्रणात तांबड्या मातीचे प्रमाण कमी ठेवले, कारण हिवाळ्यात तांबडेपणाची भर समोरच्या इमारतीकडून आपोआप पडणार होती. छताला निव्वळ पांढरा दिला, त्यामुळे उजेड खोलीत खोलवर पसरतो.

दार-खिडकी वजा जाता भिंतींचे क्षेत्र सुमारे ३७५ चौरस फूट भरले. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी लिटरला १२० ते १४० चौरस फूट धरले तर तीन लिटरच्या आसपास रंग लागतो, म्हणून चार लिटरचा डबा घेतला आणि उरलेला रंग डागडुजीसाठी हवाबंद ठेवला. जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडून काढणे आवश्यक होते. त्यावरच इमल्शन मारले की पोपडे निघतात. रंगाऱ्याने खरवडणे, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर हा क्रम नीट पाळला. गिलावा काही ठिकाणी उंचसखल असल्यामुळे चकाकी नसलेले मॅट इमल्शन निवडले, कारण खिडकीतून आडवा येणारा प्रकाश चकचकीत रंगावर प्रत्येक उंचवटा दाखवतो. पलंगाशेजारी ३,००० केल्विनचा छोटा दिवा बसवला. निळसर राखाडी रंग पडदे आणि पलंगपोसात आला. ऋतू बदलला की पडदे बदलता येतात, भिंत बदलता येत नाही, हा विचार सूनबाईंनीच मांडला.

पुढील काळात

डिसेंबरमध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा दुपारी बारा ते तीन या वेळेत पलंगामागची भिंत फिकट पीच दिसत होती. हे अपेक्षित होते, तरी सूनबाईंना ते अजूनही खटकते आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. समोरची भिंत आपल्या हातात नसल्यामुळे यावर पूर्ण उपाय नाही. पातळ पांढऱ्या पडद्याने उजेड मऊ होतो, पण त्याची झाक जात नाही. आजींच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. भिंत आता थोडी पांढरी दिसते, एवढाच फरक त्यांनी सांगितला, आणि रंग बदलावा असे त्यांना वाटले नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात खोली उदास वाटण्याची तक्रार राहिली नाही, मात्र यात भिंतीचा वाटा किती, नव्या ट्यूबचा किती आणि स्वच्छ झालेल्या दृष्टीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. गच्चीच्या लेपनाला सोसायटीने मार्चमध्ये परवानगी दिली आणि काम एप्रिलच्या आत झाले. मे महिन्यात रात्री पंख्याखाली झोपता येते, असे घरच्यांचे निरीक्षण आहे.

निळसर राखाडी पाटी टाकून दिलेली नाही. मुलगा व सून यांच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, तिथे दुपारनंतर पिवळे ऊन सरळ आत येते आणि रात्री उशिरापर्यंत ती वापरात असते. त्या खोलीसाठी हीच पाटी, तिच्याहून एक पायरी फिकट अशी दुसरी पाटी आणि ४,००० केल्विनचा दिवा, अशी तपासणी येत्या उन्हाळ्यात करायचे ठरले आहे.